बिनगळतीची वीज आणि जागेचा हिशोब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या विनंतीवरून लिहून काढला आहे. बोलीचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न जोडले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला होता 'विजेचे भविष्य'. पाऊण तासात एवढं भविष्य सांगायला मी काही ज्योतिषी नाही. म्हणून त्यातला एकच तुकडा निवडला आहे: सुपरकंडक्टरच्या केबलमधून वीज वाहून नेणे. मराठीत सुपरकंडक्टरला अतिसंवाहक म्हणतात. आज मी दोन्ही शब्द वापरणार आहे, सांभाळून घ्या.

हाच विषय का, तर त्याला कारण आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी मागच्या बाजूची जागा द्यायची की नाही, यावर आपल्याकडे चांगलीच चर्चा झाली. त्यात एका सभासदांनी मुद्दा मांडला की आता सुपरकंडक्टर येतो आहे, त्यातून वीज न गळता, न तापता येणार आहे, मग मुलांच्या खेळायच्या जागेचा तुकडा आत्ता कशाला द्यायचा? थोडं थांबू या की! काही जण हसले. पण मंडळी, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुपरकंडक्टरची केबल ही कल्पनेतली गोष्ट नाही. जगातल्या काही शहरांत ती खरोखर जमिनीखाली घातली गेली आणि तिच्यातून घराघरांत वीज गेली. तेव्हा ती नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे आपण आज समजून घेऊ. मग थांबायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

तार तापते, म्हणून दाब वाढवतात

गणपतीत मांडवाच्या लायटिंगसाठी आपण लांब एक्स्टेंशन टाकतो. रात्री ती वायर हाताला कोमट लागते. तांबं वीज चांगली वाहतं, पण फुकट वाहत नाही. त्याच्यात थोडा रोध असतो आणि त्या रोधामुळे काही वीज उष्णता होऊन जाते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. तिप्पट केला की नऊपट.

यावर जुन्या इंजिनिअरांनी शोधलेला उपाय फार सुंदर आहे. तेवढीच वीज न्यायची असेल तर दाब वाढवा, म्हणजे प्रवाह कमी होईल. दाब दहापट केला तर प्रवाह एक दशांश होतो आणि त्याच तारेतली गळती एक शतांश. म्हणून वीज केंद्रापासून शहरापर्यंत वीज येते ती ४०० केव्ही म्हणजे चार लाख व्होल्टने. मग टप्प्याटप्प्याने ती उतरवतात: २२० किंवा ११० केव्ही, मग ३३, मग ११ केव्ही, आणि शेवटी आपल्या मागच्या गेटजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून ४१५ व्होल्ट. घरात येते ती त्यातली एक फेज, २३०-२४० व्होल्टची.

पण या उपायाची किंमत आहे आणि ती जागेत मोजावी लागते. दाब जितका जास्त, तितकं तारेपासून दूर राहावं लागतं. मनोऱ्यांच्या खाली रुंद पट्टा मोकळा सोडावा लागतो. प्रत्येक उतरत्या पायरीवर एक उपकेंद्र लागतं, त्यात ट्रान्सफॉर्मर लागतात, त्यांच्याभोवती मोकळी जागा, आगीपासून संरक्षण, आत ट्रक येईल असा रस्ता लागतो. रानात हे चालतं. शहराच्या मध्यभागी हीच सगळ्यात महाग वस्तू असते. आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: कमी गळती पाहिजे तर उंच दाब पाहिजे, आणि उंच दाब म्हणजे जागा.

पाऱ्याने दाखवलेला चमत्कार

आता जरा मागे जाऊ. हॉलंडमध्ये लायडन नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात कामरलिंग ओन्स नावाचे प्राध्यापक थंडीच्या मागे लागले होते. १९०८ साली त्यांनी हेलियम वायूचा द्रव करून दाखवला. हेलियमचा द्रव उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. इतकी थंडी हातात आल्यावर त्यांनी निरनिराळे धातू त्यात थंड करून त्यांचा रोध मोजायला सुरुवात केली. एप्रिल १९११ मध्ये पाऱ्याची पाळी आली. रोध हळूहळू कमी होत जाईल अशी अपेक्षा होती. झालं वेगळंच. उणे २६९ च्या आसपास पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झाला. कमी नव्हे, नाहीसा. हीच अतिसंवाहकता. ओन्स यांना १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

रोध शून्य म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः झोपून अनुभवलं आहे. एमआरआय मशीनमध्ये! त्या मोठ्या नळकांड्यात नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी असतात, द्रव हेलियममध्ये थंड केलेली. त्यांच्यात एकदा प्रवाह सोडला की दोन टोकं आतल्या आत जोडून टाकतात आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतात. तो प्रवाह महिनोन् महिने, वर्षानुवर्षं फिरतच राहतो. म्हणूनच एमआरआयच्या दारावर 'चुंबक कायम चालू आहे' अशी पाटी असते, आणि अंगठी-घड्याळ काढायला लावतात. मशीन बंद दिसलं तरी चुंबक जागाच असतो.

मग लगेच विजेच्या तारा याच्या का केल्या नाहीत? कारण थंडी स्वस्त नाही. इतक्या खालच्या तापमानाला आत शिरलेली एक वॉट उष्णता बाहेर काढायची तर यंत्राला कित्येक शे वॉट वीज लागते. एमआरआयसारख्या खोलीएवढ्या वस्तूला हे परवडतं, रस्त्याखालच्या केबलला परवडत नाही. पंच्याहत्तर वर्षं हा प्रश्न तिथेच अडकला होता.

कपबशीच्या जातीचा पदार्थ

१९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर या दोघांना एक नवीन पदार्थ सापडला. धातू नव्हे, तांब्याचं एक ऑक्साइड, म्हणजे जातकुळीने आपल्या चिनीमातीच्या कपबशीच्या जवळचं. ते आधीच्या सगळ्या पदार्थांपेक्षा वरच्या तापमानाला अतिसंवाहक होत होतं. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९८७ साली अमेरिकेत पॉल चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांचं ऑक्साइड दाखवलं. ते उणे १८० अंशालाच अतिसंवाहक होतं.

उणे २६९ काय आणि उणे १८० काय, दोन्ही थंडच, असं वाटेल. पण मध्ये एक फार महत्त्वाची रेषा आहे. द्रव नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो. हेलियम दुर्मिळ आणि महाग, तर नायट्रोजन म्हणजे आपण आत्ता श्वासात घेतोय त्या हवेचा ७८ टक्के भाग. कारखान्यांत तो टँकरने येतो. आणि या तापमानाला एक वॉट उष्णता बाहेर काढायला शेकडो नव्हे, ढोबळमानाने दहा ते वीस वॉट पुरतात. तिथे केबलचा विचार शक्य झाला.

अडचण ही की कपबशी वाकवता येत नाही. केबल तर ड्रमवर गुंडाळावी लागते. त्यावरचा उपाय म्हणजे धातूच्या पातळ, लवचिक पट्टीवर या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा. थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पूर्ण पट्टी सुमारे ४ मिलिमीटर रुंद आणि साधारण कागदाएवढी जाड. द्रव नायट्रोजनमध्ये ती शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह वाहते. तुमच्या एसीची वायर या पट्टीपेक्षा कितीतरी जाड असते आणि ती वीस-पंचवीस अँपिअरची असते. यावरून कल्पना करा.

थर्मासमधली केबल

आता केबल आतून कशी असते ते सांगतो. मध्ये एक पोकळ गाभा. त्याच्यावर या पट्ट्या तिरक्या गुंडाळलेल्या, दोरीच्या पिळासारख्या. मग इन्सुलेशनचे थर, परत पट्ट्या. हे सगळं एका स्टीलच्या नळीत. त्या नळीबाहेर दुसरी नळी, आणि दोन नळ्यांच्या मध्ये पोकळी, हवा काढून टाकलेली. म्हणजे आपला चहाचा थर्मास, फक्त किलोमीटरभर लांब. आतून द्रव नायट्रोजन सतत फिरत असतो. एका टोकाला पंप आणि थंड करणारी यंत्रणा. दोन्ही टोकांना उणे दोनशेच्या जगातून आपल्या तीस अंशाच्या जगात प्रवाह बाहेर आणणारे खास जोड. सगळ्यात नाजूक काम त्या जोडांचं.

थर्मास कितीही चांगला असला तरी चहा शेवटी निवतोच. तशी बाहेरची उष्णता इथे थोडी थोडी आत शिरतेच. आपल्या विजेचा प्रवाह उलटसुलट बदलणारा असल्यामुळे अतिसंवाहकातही थोडी उष्णता तयार होते. आपण ढोबळ हिशोब करू. मीटरमागे दोन वॉट उष्णता धरा. एका किलोमीटरला दोन किलोवॉट. ती बाहेर काढायला पंधरापट वीज, म्हणजे तीस किलोवॉट. वर्षाचे तास ८७६०. गुणाकार केला तर वर्षाला अडीच लाखांहून जास्त युनिट. आणि हा खर्च केबलमधून वीज जात असो वा नसो, रात्रंदिवस चालू. तांब्याच्या केबलचं तसं नाही. तिच्यातून प्रवाह कमी गेला की तिची गळतीही कमी होते.

तेव्हा 'सुपरकंडक्टर म्हणजे गळती बंद, बिल कमी' हे समीकरण विसरा. आपल्या देशात विजेची एकूण गळती साधारण १५ ते १७ टक्के सांगतात. पण त्यातला मोठा वाटा खालच्या दाबाच्या वितरणात आणि चोरी-वसुलीत जातो. वरच्या दाबाच्या पारेषण वाहिन्यांत जाते ती तीन-चार टक्के. तेवढ्यासाठी शेकडो किलोमीटर थर्मास घालत बसणं कुणालाच परवडणार नाही.

मग ही केबल कुणी घातली, आणि का?

एसेन शहराचा सौदा

जर्मनीत एसेन नावाचं शहर आहे. एकेकाळी कोळसा आणि पोलाद यांचं गाव. तिथे एप्रिल २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागी दोन उपकेंद्रांच्या मध्ये एक किलोमीटर लांबीची अतिसंवाहक केबल चालू झाली. त्या वेळची ती जगातली सर्वांत लांब. ती १० केव्ही दाबाची होती आणि ४० मेगावॉट वाहून नेण्याची तिची क्षमता होती. तिने जागा घेतली ११० केव्हीच्या केबलची.

आता याचा अर्थ लावू. दाब ११० वरून १० वर आणला, म्हणजे प्रवाह अकरापट झाला. हिशोब केला तर सुमारे २३०० अँपिअर होतात. तांब्यात हे करायचं तर जाडजूड केबलींची एक रांगच रस्त्याखाली घालावी लागली असती. अतिसंवाहक केबल त्याच आकाराच्या तांब्याच्या केबलच्या सुमारे पाचपट वीज नेते, म्हणून एकीतच काम झालं. आणि शहराच्या मध्यात वीज १० केव्हीनेच पोचली, म्हणून तिथे ११० वरून १० वर उतरवणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गरज उरत नाही. तो शहराच्या गाभ्याबाहेरच्या उपकेंद्रात असला तरी चालतो.

म्हणजे एसेनने विकत घेतली ती वाचलेली युनिटं नव्हेत. जागा विकत घेतली. मध्यवस्तीतली जमीन इतकी मोलाची की तिच्यापुढे नायट्रोजनचा खर्च सोसता येतो का, हा तो प्रयोग होता. ही केबल काही वर्षं शहराच्या नेहमीच्या पुरवठ्यात राहिली.

बाकीची उदाहरणं पाहिली तरी हेच सूत्र दिसतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २००८ साली १३८ केव्हीची सुमारे सहाशे मीटरची केबल घातली, ५७४ मेगावॉट क्षमतेची. एका अरुंद पट्ट्यातून एवढी वीज. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये दोन उपकेंद्रं २३ केव्हीच्या एक किलोमीटर केबलने जोडली. शांघायच्या भर वस्तीत २०२१ च्या अखेरीस १.२ किलोमीटरची केबल चालू झाली. म्युनिक शहराने बारा किलोमीटरहून लांब केबलची योजना आखली आणि आधी छोटा तुकडा घालून तपासणी सुरू केली. सगळीकडे शहर, सगळीकडे थोडं अंतर, सगळीकडे भरपूर वीज आणि अपुरी जागा.

आणखी एक गुण

या केबलचा एक गुण मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. अतिसंवाहकाला सोसेल एवढ्या प्रवाहाची मर्यादा असते. ती ओलांडली की तो क्षणात अतिसंवाहक राहत नाही आणि रोध दाखवू लागतो. कुठे शॉर्टसर्किट झालं, प्रवाह एकदम उसळला, तर हा पदार्थ स्वतःच अडसर घालतो. परत थंड झाला की पूर्ववत. जणू न जळणारा फ्यूज.

याचा उपयोग असा की दोन उपकेंद्रं एकमेकांना जोडता येतात. एक अडचणीत आलं तर दुसरं मदतीला येतं, पण एकाचा बिघाड दुसऱ्याला घेऊन बुडत नाही. शिकागोमध्ये २०२१ साली याच हेतूने केबलचा छोटा तुकडा बसवला, साधारण साठ मीटरचा.

असं जोडलेलं जाळं किती मोलाचं असतं, ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या आणि मुंबई अंधारात गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. उन्हाळ्यात मुंबईला चार हजार मेगावॉटहून जास्त वीज लागते. शहरात तयार होते ती त्याला पुरत नाही, बाहेरून आणावी लागते. आणि बाहेरून यायचं तर तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे खाडी, डोंगर, खारफुटी आणि वस्ती. वीज नाही असं नव्हे, तिला आत यायला वाट नाही.

ही वाट मुंबईने आज ज्या प्रकारे काढली आहे, त्यात अतिसंवाहक नाही. खारघर ते विक्रोळी ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. विक्रोळीला वायुरोधित उपकेंद्र बांधलं, ज्यात यंत्रणा बंद नळ्यांमध्ये वायूत असते आणि जागा फार कमी लागते. कुडूस ते आरे ही दुसरी योजना: वीज एकदिश करून आणायची, काही अंतर मनोऱ्यांवरून आणि मोठं अंतर जमिनीखालून. म्हणजे दुखणं एसेनचंच, जागेचं. औषध वेगळं, कारण ते आज बाजारात मिळतं, दुरुस्त करणारी माणसं मिळतात आणि अंतर एक किलोमीटर नसून कितीतरी जास्त आहे.

दुरुस्तीचा मुद्दा लहान समजू नका. तांब्याची केबल तुटली तर खड्डा खणून जॉइंटर आत उतरतो आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जोड देऊन वर येतो. अतिसंवाहक केबल आधी सावकाश तापवावी लागते, मग दुरुस्ती, मग पोकळीतली हवा काढणं, मग परत सावकाश थंड करणं. आणि आपल्याकडे एकाच रस्त्यावर पाणी, गॅस, टेलिफोन, मेट्रो यांची खणाखणी वर्षभर चालू असते. एका जेसीबीचा दात लागला की थर्मास फुटलाच!

आता आपल्या मागच्या गेटपाशी

एवढं ऐकल्यावर सर्वसाधारण सभेतल्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं असेल. उद्या मुंबईत अतिसंवाहक केबल आली, आणि यावी अशी माझीही इच्छा आहे, तरी ती येईल मोठ्या उपकेंद्रांच्या दरम्यान, जिथे दहा-वीस-पन्नास मेगावॉट वीज वाहते. आपल्या गेटपर्यंत ११ केव्हीच येईल आणि गेटपासून फ्लॅटपर्यंत ४१५ व्होल्ट, तांब्या-अॅल्युमिनियममधूनच. मधला ट्रान्सफॉर्मर कुणीतरी, कुठेतरी ठेवायलाच हवा. सुपरकंडक्टर आपला ट्रान्सफॉर्मर रद्द करणार नाही. त्याची वाट बघत थांबण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐका. आज लगेच मागच्या जागेत कुदळ मारायची, असंही मी म्हणत नाही. एसेनकडून शिकायचं ते हे की जागा आणि वीज यांचा सौदा हिशोबाने करायचा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा बहुतेक घरांत पंखे, फ्रिज, टीव्ही, गीझर. आता एका घरात दोन-दोन एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन. आणि आता आल्या विजेवरच्या गाड्या. समजा आपल्याकडे अशा वीस गाड्या झाल्या. सगळे साडेसात-आठला ऑफिसातून आले, सगळ्यांनी सात किलोवॉटचे चार्जर लावले. झाले १४० किलोवॉट, ते सुद्धा नेमके एसी चालू असताना. ४१५ व्होल्टवर जवळजवळ १९५ अँपिअर. आपला आहे तो ट्रान्सफॉर्मर इथे कुरकुरणार.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने करा. मुंबईत गाडी रोज चालून चालून किती चालते? चाळीस किलोमीटर धरा. त्याला सहा-एक युनिटं लागतात. वीस गाड्यांना १२० युनिटं. रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत पाळीपाळीने चार्जिंग झालं तर एका वेळी लागतात फक्त १५ किलोवॉट. एकशेचाळीस कुठे आणि पंधरा कुठे! असं पाळीपाळीने भार वाटणारे चार्जर मिळतात. त्यासाठी उणे दोनशे अंश लागत नाहीत, फक्त एकमत लागतं. ते उणे दोनशे अंशांपेक्षा अवघड आहे, हे मला पंचवीस वर्षांच्या सभांवरून माहीत आहे.

तेव्हा माझ्या तीन सूचना. एक, परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून सोसायटीच्या भाराची नीट पाहणी करून घ्या, उन्हाळ्यातली रात्र धरून. दोन, चार्जर ज्याने त्याने आपापल्या मीटरवरून हवे तसे न लावता सोसायटीने एक पद्धत ठरवावी. तीन, मागची जागा आजच नकाशावर राखून ठेवा. तिच्यावर पक्की शेड, पार्किंग असं काही बांधू नका. मुलं तिथे खेळतच राहू देत. पाहणीत भार मर्यादेजवळ दिसला, तर विनाकारण वाद न घालता जागा द्या. पण देताना अटी घाला: पाणी भरतं त्या पातळीच्या वर चौथरा, आगरोधक भिंत, हवा खेळती, कुंपण आणि कुलूप. तेलाऐवजी कोरड्या प्रकारचा ट्रान्सफॉर्मर मिळेल का, तेही विचारा. जागा देणाऱ्याला एवढं विचारायचा अधिकार आहे.

वीज सगळ्यांना पाहिजे, उपकेंद्र मात्र शेजारच्या सोसायटीत पाहिजे. शेजारचीही तेच म्हणते. अशाने शहराला वाट सापडत नाही. एवढंच मला सांगायचं होतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*नायट्रोजनची केबल फुटली तर धोका नाही का?* (बी विंगमधल्या काकूंचा प्रश्न)

काकू, नायट्रोजन विषारी नाही आणि तो पेटत नाही. पण एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. बंद तळघरात तो भरला तर प्राणवायू कमी पडून माणूस गुदमरू शकतो. म्हणून अशा ठिकाणी प्राणवायू मोजणारे गजर आणि हवा खेळती ठेवण्याची सोय लागते. उघड्या रस्त्यावर तो पटकन विरून जातो.

*दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपवर आलं होतं की कोरियात साध्या तापमानाचा सुपरकंडक्टर सापडला. त्याचं काय झालं?*

ते जुलै २०२३. एलके-९९ असं त्या पदार्थाचं नाव. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही. कुणालाही त्यात अतिसंवाहकता मिळाली नाही. बातमी ग्रुपवर दहा मिनिटांत पोचली, तिचा निकाल मात्र पोचलाच नाही. उणे सत्तर अंशाला अतिसंवाहक होणारं हायड्रोजन आणि गंधक यांचं संयुग २०१५ साली खरोखर दाखवलं गेलं आहे. पण त्याला हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरा लाख पट दाब लागतो. त्याची केबल होत नाही.

*आपल्या देशात यावर काही काम होतं का?* (नववीतल्या एका मुलीचा प्रश्न)

होतं तर! आणि लांब कशाला, कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात अतिसंवाहकता असल्याचं दाखवलं. त्यातून अशा पदार्थांचं एक नवीन कुटुंबच जगाला कळलं. पुढे त्याच संस्थेत बिस्मथ या धातूत, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी तापमानाला, अतिसंवाहकता सापडली. विजेच्या केबलला त्याचा उपयोग नाही. पण हे पदार्थ असं का वागतात, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. झुरिकच्या त्या तांब्याच्या ऑक्साइडबद्दलही शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. तू नववीत आहेस ना? मग गणित सोडू नकोस. जागा रिकामी आहे.